कानाने नव्हे, मापाने!

पैठण रस्त्यावरच्या बिडकीनमध्ये असो वा मुंबईत, कर्कश सायलेन्सरवर कारवाई झालीच पाहिजे. मोटार वाहन कायद्याच्या कलम १९० मध्ये २०१९ च्या दुरुस्तीने त्यासाठी दहा हजार रुपयांपर्यंत दंड वा तीन महिन्यांपर्यंत कैद आहे. एवढी शिक्षा काय पोलिसाच्या कानावर ठरवायची? मोजण्याची रीत ठरलेली आहे. गाडी उभी करून सायलेन्सरच्या तोंडापासून अर्ध्या मीटरवर, ४५ अंशांच्या कोनात ध्वनिमापक धरायचा. शेजारून ट्रक जाताना घेतलेला आकडा कुचकामी! नव्या गाडीची मर्यादा साडेसात मीटरवरून मोजतात. ती या आकड्याला लावणेही चूकच. अंदाजाने कारवाई झाली की खटारा गाडीवाला मजूर सापडतो, धनदांडग्याचा पोरगा सुटतो. यंत्र मात्र कोणाची ऐपत पाहत नाही. घटनेचे कलम १४ रस्त्यावरही लागू आहे. म्हणून आमची मागणी एकच: प्रत्येक ठाण्याला ध्वनिमापक द्या आणि पावतीवर डेसिबलचा आकडा लिहा!