नेलकटर कुणी घेतलं?

माझं गुडघेपुराण वाचून 'आता पुढचा लेख घोट्यांवर का?' अशी कुत्सित चौकशी ज्यांनी केली होती, त्यांना कळवतो की घोटे ओलांडून मी थेट अंगठ्यावर पोचलोय. उजव्या पायाच्या. नखाची कड मांसात रुतली, अंगठा टम्म फुगला आणि बूट घालणं बंद झालं. मग चपलेतून तो चारचौघांना दिसू लागला. आणि दिसणाऱ्या दुखण्यावर सल्ला देणं हा तर आपल्याकडे जन्मसिद्ध हक्क.

बागेतल्या कट्ट्यावर आमची मंडळी जमतात, सल्ल्यांसकट. पहिला सल्ला अर्थातच लिंबाचा. हाताच्या बोटाला नखुरडं झालं की लिंबाला भोक पाडून ते बोटावर चढवायचं, हे आमच्या आजीनंही केलेलं आहे. पण पायाच्या अंगठ्यावर लिंबू चढवून माणसानं चालायचं कसं? "चालायचंय कशाला? घरी बसा," असं बँकेतून निवृत्त झालेले गृहस्थ म्हणाले. बँकेतही ते लोकांना असंच वाटेला लावत असणार. दुसऱ्यानं चिखल्यांवरची मेंदी सांगितली, तिसऱ्यानं टाचेच्या भेगांवरचं कोकमाचं तेल, चौथ्यानं काशाची वाटी. एकानं तर बिब्बा काढला. बिब्ब्याच्या तेलानं कातडीवर फोड उठतात म्हटल्यावर तो म्हणाला, "म्हणजे लागू पडतंय!" सगळे उपाय जुने, अनुभवी, फक्त रोग दुसऱ्यांचे.

शेवटी डॉक्टरकडे गेलो. त्यांनी सांगितलं ते थोडक्यात देतो, कारण मला आज भांडायचंय दुसऱ्याच गोष्टीवर. नख सरळ रेषेत कापायचं, कोपरे खोल कोरायचे नाहीत. रुतायला नुकती सुरुवात असेल तर कोमट पाण्यात पाय बुडवून नखाच्या कडेखाली कापसाची बारीक वात सरकवतात. फारच झालं तर अंगठा बधिर करून कडेची पट्टी काढतात आणि ती पुन्हा उगवू नये म्हणून तिथलं मूळ फिनॉलनं जाळतात. नख पिवळं, जाड होऊन भुगा पडत असेल तर बहुधा बुरशी. पण गोळ्या सहसा 12 आठवडे घ्याव्या लागतात, म्हणून आधी नखाचा तुकडा तपासून घ्यावा. शिवाय पायाचं नख महिन्याला जेमतेम दीड मिलिमीटर वाढतं, त्यामुळे अंगठ्याचं अख्खं नख नवं यायला वर्ष-दीड वर्ष लागतं. कुरूप हे दाबामुळे होतं. चप्पल तीच ठेवली तर काढलेलं कुरूप परत येतं. आणि मधुमेह असेल तर कुरूपाची आम्लवाली पट्टी स्वतःच्या मनानं अजिबात लावू नये. पायाची संवेदना कमी झालेली असते, खाली जखम झालेली कळतच नाही.

हे सगळं सांगून डॉक्टरांनी विचारलं, "नखं कशानं कापता?"

कशानं म्हणजे? घरात एक नेलकटर आहे. कुठल्याशा देवस्थानाबाहेरच्या टपरीवर घेतलेलं. त्यावरचा देव कधीच पुसला गेला, पण बाटली उघडायचं पातं मात्र नव्यासारखं आहे, कारण त्यानं आजवर कुणी काही उघडलेलं नाही. त्याचं तोंड गोलाकार. म्हणजे डॉक्टरांनी कितीही सरळ कापा म्हटलं तरी हे कोपऱ्यात शिरणारच. शिवाय माझ्या वयाचं नख त्याच्या जबड्यात मावत नाही. पायाच्या नखांसाठी पकडीसारखं वेगळं हत्यार मिळतं असं कळल्यावर कोपऱ्यावरच्या दुकानात गेलो, तर तो पोरगा म्हणाला, "काका, नख ते नखच की!"

बरं, आहे ते तरी जागेवर सापडावं? ते मोठ्या लेकीच्या पर्समध्ये असतं, शिवणाच्या डब्यात असतं, एकदा तर देवघराच्या खणात उदबत्त्यांशेजारी निघालं. घरात चार मोबाइल आणि तीन छत्र्या आहेत, पण नेलकटर एकच; दुसरं आणायचं कुणाला सुचत नाही. मिळालंच, तर मुहूर्त नसतो. शनिवारी नखं कापायची नाहीत. एकादशीला नाहीत, अमावास्येला नाहीत, वाढदिवसाला तर मुळीच नाहीत. उरलेल्या दिवशी मी मोकळा होतो संध्याकाळी, तर ही स्वयंपाकघरातून ओरडते, "अहो, दिवेलागणीला नखं?" कापलेलं नख घरात पडलं की भांडणं होतात, असंही शास्त्र आहे. आमच्याकडे भांडणं नख पडायच्या आधीच होतात, नेलकटर शोधताना.

उरते रविवारची सकाळ. तेव्हा घरोघरी हेच चालत असणार. परवा बागेत एक वाचकबाई भेटल्या. म्हणाल्या, "तुमचं पान मी दर रविवारी आठवणीनं बाजूला काढून ठेवते हो." मी संकोचानं आभार मानायला लागलो, तेवढ्यात त्या पुढे म्हणाल्या, "पहिलं पान ह्यांना लागतं, खेळाचं मुलाला. तुमचं कुणी मागत नाही, मग तेच खाली पसरून सगळ्यांची नखं कापून घेते."

तर मंडळी, वाचून झालं असेल तर पसरा. कोपरे मात्र सोडा, आणि आमचं नेलकटर कुणाला दिसलं तर कळवा.