सातबारा राखून जर्मनी

'जगात जर्मनी, भारतात परभणी' ही म्हण आमच्या जिल्ह्यातली पोरं छाती फुगवून म्हणतात आणि बाहेरचे ती हसून ऐकतात. आता सेलू, जिंतूर, पाथरीकडची मुलं खरोखरच जर्मनीत येऊ लागली आहेत. इथल्या आपल्या मराठी मंडळाच्या गणपतीत दरवर्षी दोन-चार नवे चेहरे दिसतात. आपण त्यांना प्रसाद देतो आणि सोबत सल्ला. कुकर भारतातूनच आणायचा होतास, तूरडाळ कुठल्या दुकानात स्वस्त मिळते, केस घरीच काप, रविवारी सगळं बंद असतं म्हणून शनिवारीच खरेदी उरक.

सल्ला खोटा नाही. पण हे सगळं तंतोतंत पाळलं तरी वर्षाकाठी काहीशे युरो वाचतील. परभणीच्या घरातले लाखो रुपये त्याआधीच गेलेले असतात, मुलगा विमानात बसण्यापूर्वी, आणि त्याबद्दल आपण कुणी चकार शब्द काढत नाही. परदेशी जाताना पैसे कुठे वाचतात, असं मला कुणी विचारलं तर माझं उत्तर एकच आहे. पैसे कुठून आणि किती टक्क्यांनी उभे केले, तिथेच ते वाचतात किंवा बुडतात.

हिशेबच मांडू. विद्यार्थी व्हिसासाठी ब्लॉक्ड अकाउंटमध्ये वर्षाचे ११,९०४ युरो आधी भरावे लागतात. शंभर रुपयांचा युरो धरला तर जवळपास बारा लाख. आमच्याकडे एवढी रक्कम रोख कुणाच्या घरी नसते. असते ती जमीन. पण बहुतेक बँका शैक्षणिक कर्जाला शेतजमीन तारण घेत नाहीत. थकलेल्या कर्जासाठी कोर्टाची पायरी न चढता तारण ताब्यात घेण्याचा जो अधिकार २००२ च्या सरफेसी कायद्याने बँकांना दिला, त्यातून शेतजमीन वगळलेली आहे. हेतू शेतकऱ्याला वाचवण्याचा. परिणाम असा की पाच एकराचा मालक वसमत रोडवरच्या शाखेतून हात हलवत परततो, आणि एका एनए प्लॉटच्या मालकाचं काम होतं.

मग उरतात दोन वाटा. पहिली सावकाराच्या शेकडा तीनची. महिन्याला शंभरावर तीन, म्हणजे वर्षाला छत्तीस टक्के. बारा लाखांवर महिन्याचं व्याज ३६ हजार, दोन वर्षांत ८ लाख ६४ हजार, तेही सरळ व्याजाने आणि मुद्दल जागच्या जागी. तेच पैसे बँकेकडून अकरा टक्क्यांनी मिळाले असते तर दोन वर्षांचं व्याज २ लाख ६४ हजार झालं असतं. फरक सहा लाखांचा. वर सावकार सुरक्षा म्हणून खरेदीखतच लिहून घेतो, तो धोका निराळा. २०१४ च्या सावकारी नियमन कायद्याखाली जिल्हा उपनिबंधकांकडे दाद मागता येते, पण पोरगा परदेशात असताना बापाने तालुका-जिल्हा करत हेलपाटे घालायचे, हे बोलायला सोपं आहे.

दुसरी वाट जमीन विकण्याची. इथे मला भावनेचं बोलायचं नाही. २०२४ च्या हंगामात सोयाबीनचा हमीभाव क्विंटलला ४,८९२ रुपये होता आणि बाजारात त्याच्या बऱ्याच खाली माल जात होता. अशा शेतीतला एक एकर विकून मुलाला शिकवणारा बाप वेडा नाही, आणि शेकडा तीनने पैसे उचलण्यापेक्षा तो शहाणाच. माझा आक्षेप दोन गोष्टींना आहे. एक, हा सौदा गरजेचा असतो. व्हिसाची तारीख हातात आली की गावाला कळतं, आणि घेणारा भाव पाडून मागतो. दुसरी गोष्ट जास्त गंभीर आहे. शिकायला बाहेर गेलेला विद्यार्थीही फेमा या परकीय चलन कायद्याच्या नजरेत अनिवासी ठरतो, आणि अनिवासी भारतीयाला शेतजमीन विकत घेता येत नाही. वारसाने आलेली राहते. विकायची तर भारतात राहणाऱ्यालाच. म्हणजे 'नोकरी लागली की दुप्पट घेऊ' हे बापाला दिलेलं वचन मुलगा स्वतःच्या नावावर पाळूच शकत नाही. बापाच्या नावावर घेता येईल, हे खरं. पण सगळाच सातबारा रिकामा झाला असेल तर बापही शेतकरी राहत नाही, आणि महाराष्ट्रात बिगरशेतकऱ्याला शेती घेणं जिकिरीचं. जाणती माणसं म्हणूनच काही गुंठे तरी मागे ठेवतात.

तिसरी वाट असते, फक्त ती एक वर्ष आधी शोधावी लागते. काकाचा प्लॉट, आईची मुदत ठेव, विम्याची पॉलिसी यांतलं काहीतरी तारण ठेवून राहण्याच्या खर्चासकट कर्ज मंजूर करून घेता येतं. विद्यापीठाचं पत्र आल्यावर धावपळ केली तर नाही. अनुसूचित जातीच्या विद्यार्थ्यांसाठी राज्याची राजर्षी शाहू महाराज शिष्यवृत्ती आहे. तिचा अर्ज वेळेत न भरल्याने मुकलेली मुलं पाहिली की हळहळ वाटते. करातही फरक पडतो. १ एप्रिल २०२५ पासून मान्यताप्राप्त संस्थेच्या शैक्षणिक कर्जातून पाठवलेल्या पैशांवर टीसीएस, म्हणजे पैसे पाठवतानाच कापला जाणारा कर, लागत नाही. स्वतःच्या खिशातून पाठवले तर वर्षाला दहा लाखांच्या पुढच्या रकमेवर लागतो. तो विवरणपत्र भरून परत मिळतो, पण ऐन गरजेच्या वेळी अडकलेला असतो.

विद्यापीठ निवडतानाही हाच हिशेब हवा. परभणीच्या वसंतराव नाईक मराठवाडा कृषी विद्यापीठातून बी.एस्सी. झालेली मुलं बहुधा होहेनहाइमचं नाव घेतात. नाव मोठं आहे, वाद नाही. पण ते बाडेन-व्युर्टेम्बर्गमध्ये आहे, आणि त्या राज्यात २०१७ पासून युरोपीय संघाबाहेरच्या विद्यार्थ्यांना सेमिस्टरला १,५०० युरो भरावे लागतात. चार सेमिस्टरचे ६,०००. ग्योटिंगेनलाही शेतीचं उत्तम शिक्षण आहे आणि तिथे ही फी नाही, फक्त सेमिस्टरची वर्गणी. सहा हजार युरो म्हणजे वरचे तेच सहा लाख. एजंट हे सांगत नाही. त्याचं कमिशन बहुधा खाजगी कॉलेजात असतं.

इथे उतरल्यावरचा पहिला महिना मात्र आपल्या हातातला आहे. ब्लॉक्ड अकाउंटमधून महिन्याला ९९२ युरो सुटतात. खोलीचं थंड भाडं, म्हणजे हीटिंग वगैरे वगळून, चारशे असेल तर घरमालक तीन महिन्यांचं डिपॉझिट मागतो, १,२००, शिवाय पहिलं भाडं. खात्यात बारा लाख पडलेले आणि हातात पैसे नाहीत. मुलगा घरी फोन करतो, आणि घरचे पुन्हा त्याच शेकडा तीनच्या दारात. खरं तर जर्मन कायद्याने डिपॉझिट तीन महिन्यांच्या थंड भाड्यापेक्षा जास्त घेता येत नाही आणि भाडेकरूला ते तीन हप्त्यांत देण्याचा हक्क आहे. किती घरमालक आपणहून सांगतात? आणि आपल्यापैकी किती जण त्या मुलांना सांगतात?

म्हणून मंडळापुढे एक मागणी ठेवतो. दिवाळीच्या कार्यक्रमाच्या शिलकीतून आणि ज्यांना जमेल त्यांच्या वर्गणीतून बिनव्याजी डिपॉझिट निधी उभा करावा. एका मुलाला जास्तीत जास्त १,२०० युरो, बारा हप्त्यांत परतफेड, लेखी करार. पैसे बुडतील, ही शंका कार्यकारिणीत येणार, एखादे बुडतीलही. गेली काही वर्षं आपण ध्वनियंत्रणेवर आणि हॉलच्या भाड्यावर जे उधळतो, त्यापुढे ते फार नसेल. कुणी म्हणेल, ब्लॉक्ड अकाउंटऐवजी आपणच इथल्या परदेशी नागरिकांच्या कचेरीत हमीपत्र लिहून देऊ. ते कायद्यात बसतं, पण त्या मुलाच्या निर्वाहावर सरकारचा पैसा खर्च झाला तर पाच वर्षं हमीदार जबाबदार राहतो. सख्ख्या भाच्यापुरतं ते ठीक. मंडळाने त्यात पडू नये. निधीचा ठराव मात्र येत्या सर्वसाधारण सभेत यावा. सूचक म्हणून माझं नाव लिहून घ्या, अनुमोदक हवा आहे.