कड्याची श्रेणी आणि कड्याचा धनी

आपल्या बेला भागातली कॉलेजची मुले हल्ली सुट्टीत सह्याद्रीत जाऊन कडे-सुळके चढू लागली आहेत. आनंद आहे. पण परत आल्यावर बोलणे सगळे श्रेणीचे! हा सोपा, तो मध्यम, तो अतिकठीण. अमेरिकेत कड्यांच्या श्रेणी ५.० पासून ५.१५ पर्यंत जातात. फ्रेंच पद्धतीतली ९सी श्रेणी अ‍ॅडम ओंड्राने २०१७ मध्ये नॉर्वेत प्रथम गाठली.

श्रेणीला आमचा विरोध नाही. कुवत ओळखून चढले तर जीव वाचतो. पण बँकेत कर्जाची फाईल आली की आम्ही आधी पाहतो, पट्टा पासबुक कोणाच्या नावावर आहे? कडा चढताना हा प्रश्न कोण विचारतो?

खंडाळ्याची नागफणी साहेबाने वेलिंग्टनच्या नाकावरून 'ड्यूक्स नोज' केली. साहेब गेला, नाव आजही चालते. १६४६ मीटरची कळसूबाई ट्रेकच्या यादीत उंचीने मोजली जाते. तिथल्या महादेव कोळ्यांची मात्र ती देवी आहे.

जगात हिशेब बदलतो आहे. ऑस्ट्रेलियाने उलुरूची मालकी १९८५ मध्ये अनंगू आदिवासींना परत दिली आणि २६ ऑक्टोबर २०१९ पासून चढाई बंद केली. अमेरिकेत डेव्हिल्स टॉवरवर जून महिन्यात चढू नये, अशी विनंती १९९५ पासून केली जाते, कारण त्या महिन्यात आदिवासींचे विधी असतात.

आपल्या जिल्ह्यात तर हे सांगावे लागू नये. 'जल, जंगल, जमीन' म्हणत कोमराम भीम १९४० मध्ये जोडेघाटच्या डोंगरात निजामाच्या पोलिसांशी लढताना पडला. २००६ च्या वनहक्क कायद्याने ग्रामसभेला आपला सांस्कृतिक व नैसर्गिक वारसा राखण्याचा अधिकार दिला.

मराठी शाळा टिकावी, आपली भाषा राहावी, म्हणून आपण सीमाभागातले लोक वर्षानुवर्षे अर्ज करतो. मग शेजारच्या गोंड-कोलाम बांधवांच्या डोंगराचे नाव आपणच कसे पुसायचे?

म्हणून आमचे म्हणणे सरळ आहे. मंडळातर्फे मुलांची मोहीम निघेल तेव्हा आधी त्या गावच्या ग्रामसभेला विचारावे. डोंगराचे नाव गावचे लोक सांगतील तेच लिहावे. देवस्थानाच्या कड्यावर खिळा ठोकू नये. वाटाड्या तिथलाच घ्यावा, त्याची मजुरी रोख द्यावी. आणि गाव 'नको' म्हणाले, तर मुकाट्याने दोर गुंडाळावा.