समुद्राचे घड्याळ पंचांगात

दिवाळीच्या सुटीत अलिबागेस गेलेली मंडळी ओहोटी पाहून कुलाबा किल्ल्यात चालत जातात. पण परतायचे केव्हा? ते तिथीला विचारावे! किनाऱ्यावरचा हिशेब सोपा आहे: तिथीचा आकडा पाऊणपट करा, बारानंतर तितक्या तासांनी भरती. पौर्णिमेनंतर पुन्हा एकपासून मोजा. भाऊबीज द्वितीयेची, म्हणजे भरती दुपारी दीडच्या सुमारास आणि ओहोटी त्याआधी सहा तास, सकाळी साडेसातला.

हे पाऊण आले कुठून? चंद्र पृथ्वीभोवती पुढे सरकतो, म्हणून भरतीला रोज सुमारे ५० मिनिटे उशीर होतो. अमावास्या-पौर्णिमेला सूर्य-चंद्रांची ओढ एका रेषेत येते, ते उधाण. अष्टमीच्या सुमारास ती काटकोनात असते, तो भांग. तेव्हा ओहोटीतही पाणी पुरते हटत नाही.

हिशेब अर्थात ठोकळ. थोडे मागेपुढे व्हायचेच. म्हणून निघण्यापूर्वी भरती-ओहोटीचे छापील कोष्टक पाहा, जाणत्या कोळ्याला विचारा, आणि पाणी फिरण्याआधीच मुलाबाळांसह किनारा गाठा. बुरूज उद्याही तिथेच असेल. वाट मात्र तासाभरात बुडते!