संघ मामाचा, निवड समिती मामाची, कॅप्टन भाचा!



काही वर्षांपूर्वी पिंपळगाव राजाची चार पोरं घेऊन मी सोळा वर्षांखालील क्रिकेटच्या एका निवड चाचणीला गेलो होतो. पहाटेची एसटी, पाठीवर एकच किट, तेही चौघांत मिळून. दुपारपर्यंत आमच्यातल्या एकाला सहा चेंडू टाकायला मिळाले, दुसऱ्याला बॅट हातात घ्यायलाच मिळाली नाही. संध्याकाळी यादी लागली. संघाला पैसे देणारा मालक, चाचणी घेणाऱ्या मंडळाचा पदाधिकारी आणि निवड समितीतला एक जण, तिघेही एकाच घरातले निघाले. कॅप्टन झाला तो त्या घरचा भाचा. परतीच्या एसटीत आमचा डावखुरा पोरगा मला म्हणाला, "भाऊ, उगीच आलो. टीम त्याच्या मामाची हाय. आपलं नाव कसं लागन?"

तो भाचा वाईट खेळत होता का? मला माहीत नाही. कदाचित तो खरंच चांगला असेल. पण खरी अडचण तीच आहे. ज्या चाचणीत परीक्षा घेणारा, पेपर तपासणारा आणि पास होणाऱ्याचा मामा एकच असतो, तिथे भाच्याची गुणवत्ताही सिद्ध होत नाही आणि आमच्या पोराचं अपयशही सिद्ध होत नाही. सिद्ध होते ती फक्त मालकी.

आपले अनेक कार्यकर्ते म्हणतात, खेळातली घराणेशाही हा श्रीमंतांचा आपसातला तंटा आहे, आपण शिष्यवृत्ती, अ‍ॅट्रॉसिटी, गायरान जमिनी यावर बोलावं. मला हे मान्य नाही. ज्युनियर संघातली निवड हा भाकरीचा प्रश्न आहे. शालेय वयातल्या खेळावर दहावी-बारावीला सवलतीचे गुण मिळतात. महाराष्ट्रात शासकीय नोकरीत खेळाडूंसाठी 5 टक्के आरक्षण आहे. पोलीस भरतीला आमची पोरं वर्षानुवर्षे पहाटे रस्त्यावर धावतात. तिथे क्रीडा प्रमाणपत्र असलेला आणि नसलेला यांच्यात किती अंतर पडतं, ते त्यांना विचारा. याच राज्यात ट्रॅम्पोलिनची बोगस प्रमाणपत्रं दाखवून नोकऱ्या लाटल्याची प्रकरणं उघडकीला आली. ज्याच्या हातात प्रमाणपत्रावरची सही, त्याच्या हातात आपल्या पोराचं भविष्य. मग ती सही कुणाच्या घरात मुक्कामाला आहे हे विचारायचं नाही?

आता मोठं उदाहरण घेऊ, कारण ते न्यायालयात तपासून झालेलं आहे.

2008 साली आयपीएल सुरू झाली. चेन्नईचा संघ इंडिया सिमेंट्स या कंपनीने विकत घेतला. कंपनीचे सर्वेसर्वा एन. श्रीनिवासन. त्याच वेळी ते भारतीय क्रिकेट नियामक मंडळाचे, म्हणजे बीसीसीआयचे खजिनदार होते. मंडळाच्या नियमावलीत 6.2.4 क्रमांकाचं कलम होतं: मंडळ जे सामने भरवतं त्यात मंडळाच्या कोणत्याही पदाधिकाऱ्याचा थेट किंवा आडमार्गाने व्यापारी हितसंबंध असता कामा नये. कलम स्पष्ट होतं. मग काय केलं? संघ सोडला नाही, पदही सोडलं नाही. कलमच बदललं! सप्टेंबर 2008 मध्ये दुरुस्ती करून आयपीएललाच त्या नियमातून वगळण्यात आलं. खजिनदाराचे ते सचिव झाले आणि 2011 मध्ये अध्यक्ष.

मे 2013 मध्ये त्यांचे जावई गुरुनाथ मय्यपन यांना सट्टेबाजीच्या प्रकरणात मुंबई पोलिसांनी अटक केली. काल-परवापर्यंत संघाचा कर्ताधर्ता म्हणून मिरवणारा जावई एका रात्रीत निव्वळ 'क्रिकेटप्रेमी' ठरवला गेला. मंडळाने स्वतःच दोन निवृत्त न्यायमूर्तींची चौकशी समिती नेमली आणि तिने क्लीन चिट दिली. सासऱ्याच्या मंडळाने जावयाची चौकशी केली, दुसरं काय होणार होतं? जुलै 2013 मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने ती समितीच बेकायदेशीर ठरवली. प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेलं, न्यायमूर्ती मुद्गल समिती नेमली गेली आणि 22 जानेवारी 2015 रोजी निकाल लागला. मय्यपन यांची सट्टेबाजी सिद्ध झाली. 2008 ची ती दुरुस्ती रद्द झाली. व्यापारी हितसंबंध असेपर्यंत श्रीनिवासन यांना मंडळाची निवडणूक लढवायला मनाई झाली. त्याच वर्षी जुलैमध्ये न्यायमूर्ती लोढा समितीने चेन्नई आणि राजस्थान हे दोन्ही संघ दोन वर्षांसाठी निलंबित केले.

गोष्ट इथे संपायला हवी होती. पण 2019 मध्ये तामिळनाडू क्रिकेट संघटनेच्या अध्यक्षपदी कोण आलं? श्रीनिवासन यांची कन्या रूपा गुरुनाथ. एखादी महिला राज्य संघटनेची अध्यक्ष झाली याचं मी स्वागतच केलं असतं. पण त्या इंडिया सिमेंट्सच्या पूर्णवेळ संचालकही होत्या. 2021 मध्ये मंडळाच्याच नीती अधिकाऱ्याने त्यांना हितसंबंधांच्या संघर्षात दोषी धरलं आणि वर्षअखेर त्यांनी पद सोडलं. न्यायालयाने बापाला दार बंद केलं, तर खुर्ची लेकीच्या दारातून आत आली.

मित्रांनो, या घटनेत एक पद्धत दिसते. नियम आडवा आला की नियम बदला. नियम बदलता आला नाही की माणूस बदला, पण घर बदलू नका.

हे फक्त तामिळनाडूत घडतं असं समजू नका. आपला बुलडाणा जिल्हा विदर्भात येतो. विदर्भ क्रिकेट संघटनेतून शशांक मनोहर बीसीसीआयच्या आणि पुढे आयसीसीच्या शिखरावर गेले. त्यांचे पुत्र अद्वैत मनोहर हेही विदर्भ संघटनेत पदाधिकारी झाले. शरद पवार मुंबई क्रिकेट संघटना, बीसीसीआय आणि आयसीसी या तिन्हींचे अध्यक्ष राहिले. 2023 मध्ये त्यांच्या भावाचे नातू रोहित पवार महाराष्ट्र क्रिकेट संघटनेचे अध्यक्ष झाले. अमित शहा गुजरात क्रिकेट संघटनेचे अध्यक्ष होते. त्यांचे पुत्र जय शहा 2019 मध्ये बीसीसीआयचे सचिव झाले आणि 1 डिसेंबर 2024 पासून आयसीसीचे अध्यक्ष. यातल्या कुणावर मी गैरव्यवहाराचा आरोप करत नाही. पक्षही वेगवेगळे आहेत. माझा प्रश्न साधा आहे. कोट्यवधी लोकांच्या या देशात खेळ चालवण्याची अक्कल मोजक्या घरांतच का जन्माला येते?

आणि जन्माने मिळणाऱ्या अकलेला, जन्माने मिळणाऱ्या खुर्चीला आपल्या भाषेत काय म्हणतात, हे मी आंबेडकरी तरुणांना सांगायला हवं का?

बाबासाहेबांनी 1916 साली कोलंबिया विद्यापीठात जातीवर निबंध वाचला. जात म्हणजे दार लावून घेतलेला वर्ग, हे त्यांनी तिथे उलगडून दाखवलं. आत असलेले आपसातच देतात-घेतात, बाहेरच्याला प्रवेश नाही. खेळाची संघटना हुबेहूब तशी चालते. सभासदत्व ओळखीवर, मतदान सभासदांचं, पद मतदानावर, निवड समिती पदाधिकाऱ्यांची आणि संघ निवड समितीचा. पहिलं दार बंद केलं की पुढची सगळी आपोआप बंद होतात. मग वरून सांगायला मोकळे, 'आमच्याकडे जात-पात नाही, फक्त मेरिट.'

त्यांचं मेरिट आपण शंभर वर्षांपूर्वीच पाहिलं आहे. पळवणकर बाळू पुण्यात इंग्रजांच्या क्लबात खेळपट्टीची कामं करत आणि साहेबांना सरावासाठी गोलंदाजी करत. चर्मकार समाजातला हा माणूस 1911 च्या इंग्लंड दौऱ्यात 114 बळी घेऊन आला. पण हिंदू संघात चहाची वेळ झाली की त्यांचा पेला वेगळा. चेंडू त्यांच्या हातचा चालत होता, पेला चालत नव्हता! इतक्या वर्षांत हिंदू संघाचं कर्णधारपद त्यांना मिळालं नाही. 1920 मध्ये त्यांचे भाऊ विठ्ठल आणि शिवराम यांनी अन्यायाविरुद्ध संघातून अंग काढून घेतलं. त्यानंतर कुठे 1923 मध्ये विठ्ठल कर्णधार झाले. पुढे 1937 च्या निवडणुकीत बाळू बाबासाहेबांच्या विरोधात उभे राहिले आणि हरले. म्हणून त्यांच्यावर झालेला अन्याय खोटा ठरत नाही. त्यांना मैदानावर कुणी हरवलं नव्हतं, निवड समितीच्या खोलीत हरवलं होतं.

हॉकीकडे पाहा. 1928 च्या ऑलिंपिक सुवर्ण संघाचे कर्णधार जयपालसिंह मुंडा, आदिवासी. पुढे ते संविधान सभेत आदिवासींचा आवाज झाले. 2021 मध्ये टोकियोत भारतीय महिला उपांत्य सामना हरल्या, तेव्हा वंदना कटारियाच्या घरासमोर फटाके फोडले गेले, जातिवाचक शिव्या दिल्या गेल्या. ऑलिंपिकमध्ये हॅट्‌ट्रिक करणाऱ्या मुलीला हा मोबदला! आणि तोच खेळ चालवणाऱ्या हॉकी इंडियात 'आजीव अध्यक्ष' असं पद तयार केलेलं होतं. मे 2022 मध्ये दिल्ली उच्च न्यायालयाने ते बेकायदेशीर ठरवलं. घाम गाळणारे आमचे आणि खुर्ची मात्र मरेपर्यंत त्यांची.

यावर दोन आक्षेप हमखास येतात.

पहिला: 'पैसा त्यांचा आहे, मग त्यांचं पोरगं का खेळू नये?' जरूर खेळावं. मालकाच्या पोराला खेळण्याचा तितकाच हक्क आहे जितका मजुराच्या पोराला. पण त्याची निवड त्याच्या बापाने, मामाने किंवा बापाच्या पगारी माणसाने करू नये. स्वतःच्या खटल्यात स्वतःच न्यायाधीश होता येत नाही, एवढीच गोष्ट आहे. शिवाय मैदान सरकारी, प्रमाणपत्रावर मिळणारी नोकरी सरकारी. मग पैसा फक्त त्यांचा कसा?

दुसरा: 'तुम्ही आरक्षणवाले मेरिटवर काय बोलता?' आरक्षण जाहीर असतं, कायद्यात लिहिलेलं असतं, त्याची बिंदुनामावली असते, त्यावर कोर्टात प्रश्न विचारता येतो. भाच्याचं आरक्षण कुठे लिहिलेलं असतं?

आता थोडं आपल्याबद्दल, कारण बोट दुसऱ्याकडेच दाखवणं आपल्याला शोभत नाही. भीमजयंतीनिमित्त आपल्याकडे ठिकठिकाणी कबड्डीचे, क्रिकेटचे चषक होतात. तिथे समितीच्या अध्यक्षाचा पोरगा कॅप्टन, मेहुणा पंच आणि वर्गणीचा हिशेब कुणाच्याच हाती नाही, असं चित्र मी पाहिलं आहे. निळा झेंडा लावल्याने मामा-भाच्याचा व्यवहार शुद्ध होत नाही. राजकीय लोकशाहीच्या खाली सामाजिक लोकशाही नसेल तर डोलारा टिकणार नाही, असा इशारा बाबासाहेबांनी 25 नोव्हेंबर 1949 रोजी संविधान सभेत दिला होता. तो आपल्या मंडळांनाही लागू आहे.

म्हणून करायचं काय? संसदेने 2025 मध्ये राष्ट्रीय क्रीडा प्रशासन कायदा केला, पण माहितीचा अधिकार सरकारी पैसा घेणाऱ्या संघटनांपुरताच ठेवला. वरून कुणी येऊन आपल्या तालुक्याची चाचणी स्वच्छ करणार नाही. खामगाव तालुक्यापासून आपणच सुरुवात करू. प्रत्येक संघटनेकडे लेखी मागण्या करायच्या:

1. संघाचा मालक किंवा प्रायोजक, किंवा त्याचा नातेवाईक, त्याच खेळाच्या संघटनेत पदाधिकारी नसावा.
2. निवड समितीतल्या प्रत्येकाने चाचणीत आपलं कोण आहे ते आधी लिहून द्यावं आणि त्या गटाच्या निवडीतून बाहेर बसावं.
3. चाचणीची तारीख आणि ठिकाण आधी जाहीर व्हावं, प्रत्येकाला समान संधी मिळावी आणि गुणतक्ता त्याच दिवशी लावावा.
4. तक्रार ऐकणारा माणूस संघटनेबाहेरचा असावा.

उत्तर मिळालं नाही तर जिल्हा क्रीडा अधिकाऱ्यांकडे माहिती अधिकाराचा अर्ज टाका: कोणत्या संघटनेला किती अनुदान, कोणतं मैदान, कुणाच्या सहीची प्रमाणपत्रं. संघटना नोंदणीकृत असेल तर धर्मादाय कार्यालयात तिची घटना, पदाधिकाऱ्यांची यादी आणि हिशेबपत्रकं असतात. नकला काढा. आडनावं एकाखाली एक लिहा. सासरची, माहेरची नाती जोडा. चित्र आपोआप समोर येईल.

तो डावखुरा पोरगा आता खेळत नाही. खामगावात एका दुकानात कामाला आहे. तो किती मोठा खेळाडू झाला असता हे मी सांगू शकत नाही, कारण त्याला फक्त सहा चेंडू मिळाले. त्याच्या धाकट्या भावाची चाचणी पुढे आहे. त्याला आपण दया नको, शिफारसपत्र नको, फक्त मामा नसलेली निवड समिती मिळवून देऊ.

जय भीम! जय संविधान!