माळ्यावरचा रेडिओ भंगारात देण्याआधी

शिक्षक-पालकहो, पारनेरमध्ये कुणाच्या माळ्यावर व्हॉल्व्हचा रेडिओ किंवा अँप्लिफायर पडून असेल, तर किलोच्या भावाने देऊ नका. मुंबईच्या चोर बाजारात अशा संचांना आजही गिऱ्हाईक आहे. पण लगेच प्लग लावून बघू नका. जुना कपॅसिटर खराब झालेला असला, तर ट्रान्सफॉर्मर जळू शकतो. आत दोनशेहून जास्त व्होल्ट असतात. प्लग काढल्यावरही कपॅसिटरमध्ये विद्युतभार राहतो. म्हणून जाणकार मेकॅनिककडेच न्या, आणि मुलांनाही सोबत न्या. तापलेल्या कॅथोडमधून इलेक्ट्रॉन निघतात, हे लालसर उजळलेला व्हॉल्व्ह पाहिला की पक्कं लक्षात राहतं. विकायचाच झाला, तर कोणते भाग बदलले ते मुलांच्याच हातून लिहून द्या. माझ्या मते खरा धडा तोच.