गणित एकटीनंच का सोडवायचं?



गेल्या वर्षी फेब्रुवारीत भोसरीच्या आमच्या सल्ला केंद्रात एक बाई आल्या. नवरा चाकणच्या कारखान्यात कंत्राटी कामगार, त्या स्वतः दोन घरी पोळ्या करतात. मारहाणीची तक्रार नव्हती की पोटगीचा प्रश्न नव्हता. म्हणाल्या, "ताई, पोरगी इंजिनिअरिंगच्या पहिल्या वर्षाला आहे. गणितात गेली. हे म्हणतात, पुरे झालं, आता स्थळं बघू. तुम्ही ह्यांना समजावा."

मी समजवायला गेले. मुलीचं शिक्षण, तिच्या पायावर उभं राहणं, नेहमीचं सगळं बोलून झालं. वडिलांनी शांतपणे ऐकून घेतलं आणि विचारलं, "मॅडम, मी नाही म्हणत नाही. पण पुढच्या परीक्षेला ती पास होईल, असं तुम्ही लिहून देता का?" माझ्याकडे उत्तर नव्हतं.

नोकरीच्या बाबतीत या पट्ट्यातल्या बाईला दार पूर्वी उघडच बंद होतं. 1974 मध्ये टेल्कोच्या जाहिरातीत महिलांनी अर्ज करू नये असं छापलं होतं. सुधा कुलकर्णी (पुढे मूर्ती) यांनी थेट जे. आर. डी. टाटांना पोस्टकार्ड लिहिलं आणि त्या टेल्कोत इंजिनिअर झाल्या. आज असं कोणी छापत नाही. उलट, 8 लाखांपेक्षा कमी उत्पन्नाच्या घरांतल्या आर्थिकदृष्ट्या दुर्बल, ओबीसी आणि सामाजिक व शैक्षणिक मागास प्रवर्गातल्या मुलींचं व्यावसायिक अभ्यासक्रमांचं शिक्षण व परीक्षा शुल्क 2024-25 पासून शासनाने पूर्ण माफ केलं. निर्णय चांगलाच आहे. पण फी माफ झाली म्हणून एम-वन निघत नाही. आणि एम-वन राहिला की घरात कुणी मोठ्याने 'नाही' म्हणायची गरजच उरत नाही. मुलगी स्वतःच म्हणते, "मला नाही झेपत."

खरंच झेपत नाही का? या मुलीला दहावीला गणितात नव्वदच्या वर मार्क होते. मी तिचा दिवस विचारला. सकाळी पाणी भरणं, डबे, आकुर्डीपर्यंत बस. संध्याकाळी स्वयंपाक. घर एका खोलीचं. वडिलांची सेकंड शिफ्ट सुटून ते आले की दिवा बंद. अंशतः विकलन आणि फुरिअर मालिका इंग्रजीतून शिकवतात, वर्गात हात वर करायचा धीर होत नाही. वर्गातली मुलं रात्री एकमेकांच्या रूमवर बसून अडलेलं गणित सोडवतात. हिला सातनंतर बाहेर पडायचं नाही. चूक कुठे झाली हे दाखवणारं कुणी नाही. डिप्लोमा करून थेट दुसऱ्या वर्षाला येणाऱ्या मुलींचं तर याहून अवघड. एम-वन, एम-टू न शिकता त्या एकदम एम-थ्रीसमोर बसतात.

सत्तरच्या दशकात अमेरिकेत, बर्कलीच्या विद्यापीठात युरी ट्राइसमन या गणिताच्या शिक्षकाला असाच प्रश्न पडला होता. कृष्णवर्णीय विद्यार्थी कॅलक्युलसमध्ये मागे का पडतात? प्राध्यापक म्हणत, त्यांना आच नाही, घरून पाठिंबा नाही, पाया कच्चा. ट्राइसमन विद्यार्थ्यांच्या सोबत राहिला, त्यांचा अभ्यास पाहिला. तेव्हा दिसलं की ही मुलं कष्ट करत होती, पण एकेकटी. चिनी वंशाचे विद्यार्थी एकत्र बसत, एकमेकांची उत्तरं तपासत. मग त्याने गट बसवले, आणि 'कच्च्यांचा वर्ग' म्हणून सोपी गणितं न देता मुद्दाम अवघड दिली. निकाल लक्षणीय सुधारले.

हे वाचून मला आपलीच आठवण झाली. एकेकटीचं दुःख चार जणींत बोललं की ते दुःख राहत नाही, प्रश्न होतो, हे आपण गटांत कितीदा अनुभवलंय! मग गणिताचं काय वेगळं?

आम्ही बालवाडीची खोली संध्याकाळी पाच ते सात उघडी ठेवली. सहा मुली, फळा, चहा. पॉलिटेक्निकमध्ये शिकवणारी एक मैत्रीण आठवड्यातून दोनदा येते. नियम एकच: उत्तर सांगायचं नाही, "तू कसं केलंस?" असं विचारायचं. मराठीत विचारलं तरी चालतं. घरच्यांना भेटून त्या दोन तासांची सूट मागणं हे आमचं काम. खरं तर तेच सर्वांत अवघड गेलं.

पुढच्या परीक्षेत चौघींचं गणित निघालं, दोघींचं राहिलं. त्या बाईंची मुलगी या दोघींत आहे. पण स्थळं बघणं थांबलंय. सुट्टीच्या दिवशी वडीलच तिला खोलीवर सोडायला येतात. एकदा दारात उभं राहून त्यांनी तिला फळ्यावर दुसऱ्या मुलीची चूक दाखवताना पाहिलं. बोलले काही नाहीत. माझ्याकडे लेखी हमी मात्र पुन्हा मागितली नाही.

कॉलेजांनी संध्याकाळी एक वर्ग उघडा ठेवावा, थेट दुसऱ्या वर्षाला येणाऱ्यांसाठी आधी उजळणी घ्यावी, ही मागणी आपण लावून धरूच. पण तोवर आपल्या गटाकडे एक खोली असेल, वस्तीत गणित येणारी एखादी बाई असेल, तर सुरुवात करता येते. मुलींच्या शिक्षणाबद्दल आपण मोर्चात बोललो, शिबिरांत बोललो. वहीतल्या अडलेल्या गणितापाशी मात्र आपण त्यांना एकटं सोडलं. तुमच्या वस्तीत कुणाचं अडलंय का, पाहा. आणि काय झालं ते आम्हाला जरूर कळवा.